बर्फाळ प्रदेशातलं एल्फ नगरराज्य कसं रचायचं: नवोदितांसाठी पायरीपायरीने

थंड प्रदेशातलं एल्फांचं, म्हणजे कल्पनारम्य कथांतल्या माणसासारख्या पण दीर्घायुषी लोकांचं, शहर म्हटलं की एक ठरलेलं चित्र डोळ्यांपुढे येतं. पांढरी शिखरं, स्फटिकाचे मनोरे, तलम झगे घातलेले उंच देखणे लोक, आणि त्यातल्या एकालाही सर्दी झालेली नाही. चित्र सुरेख आहे, पण त्यात गोष्ट घालायला गेलात की तिसऱ्या प्रकरणात गाडी रुतते. तिथे कुणाला कशाची गरजच नसते. चूल कशावर पेटते हे लेखकालाच ठाऊक नसेल, तर त्या शहरात भांडणं होणार कशावरून?

कादंबरीसाठी किंवा टेबलावर खेळायच्या रोल-प्लेइंग खेळासाठी (ज्यात प्रत्येक जण एकेका पात्राची भूमिका घेतो) जे पहिल्यांदाच जग रचतायत, त्यांच्यासाठी हा लेख आहे. मी आधी दोनच गोष्टी पक्क्या करतो: थंडी किती आणि आयुष्य किती. थंड मुलखात सगळं मोजूनमापून वापरावं लागतं. एल्फ तर शेकडो वर्षं जगतात, म्हणजे प्रत्येक तोंड शेकडो वर्षं खाणार आणि प्रत्येक भांडण शेकडो वर्षं लक्षात राहणार. या दोन गोष्टी जिथे एकमेकींना घासतात, तिथे शहर आपोआप आकार घेऊ लागतं. सोबत एक नमुना शहर घेऊ. नाव थारवेन, लोकसंख्या २०,०००, एल्फाचं पूर्ण आयुष्य ७०० वर्षं. तुमचे आकडे वेगळे असतील, पण आकडेमोड हीच करायची.

पायरी १: थंडी नेमकी कोणती ते ठरवा

‘भयंकर थंडी’ एवढ्याने काम भागत नाही. तीन प्रश्नांची उत्तरं लिहून ठेवा.

पहिला प्रश्न: वर्षातल्या सर्वांत उबदार महिन्याचं सरासरी तापमान किती? पृथ्वीवर हे साधारण १० अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की झाडं संपतात आणि टुंड्रा सुरू होतो. हिवाळा किती कडक आहे यापेक्षा उन्हाळा किती उबदार आहे यावर जंगल ठरतं. सैबेरियातल्या ओयम्याकोनला १९३३ मध्ये उणे ६७.७ अंशांची नोंद झाली, तरी तिथे झाडं आहेत, कारण उन्हाळा छोटा असला तरी चांगला तापतो. एल्फांना जंगल हवंच असेल, तर उन्हाळा सांभाळा. थारवेनचा उन्हाळा १२ अंशांचा आहे. म्हणजे हे जवळजवळ शेवटचं जंगल, उत्तरेला दोन दिवस चाललं की झाड दिसणार नाही.

दुसरा प्रश्न: हिवाळ्यात सूर्य उगवतो का? ६६.५ अंश अक्षांशाच्या पलीकडे वर्षातला काही काळ तो उगवतच नाही. ७० अंशांवर हा काळ सुमारे दोन महिन्यांचा असतो. पण त्या दोन महिन्यांत चोवीस तास मिट्ट काळोख नसतो. दुपारच्या सुमारास काही तास निळसर संधिप्रकाश असतो, बर्फामुळे तो अधिकच उजळतो. नवे लेखक इथे हमखास सगळं काळं करून टाकतात आणि हातातला सुंदर प्रकाश घालवतात.

तिसरा प्रश्न: जमीन बारा महिने गोठलेली आहे का? असेल तर बांधकामाचे सगळे नियम बदलतात. याकुत्स्क हे तीन लाखांवर वस्तीचं शहर अशा जमिनीवर उभं आहे, आणि तिथल्या इमारती खांबांवर उचललेल्या असतात. घराची ऊब खाली झिरपली तर गोठलेली माती वितळते आणि घर खचतं. मग तुमचे दगडी मनोरे उभे कशावर राहणार? एक तर उघड्या कातळावर, नाहीतर ते कलणार. थारवेनमध्ये कातळ थोडा आहे. पहिल्या आलेल्या घराण्यांनी तो बळकावला, बाकीचं शहर लाकडी खांबांवर. ‘कातळावरचा’ आणि ‘खांबावरचा’ हा भेद तिथे जातिभेदासारखा चालतो, आणि तो आपल्याला वेगळा शोधावा लागला नाही.

पायरी २: माणसं मोजा

इथे घाई करू नका, एल्फांच्या समाजाचं बहुतेक सगळं इथून निघतं.

लोकसंख्या स्थिर ठेवायची तर जेवढे मरतात तेवढेच जन्मायला हवेत. सरासरी ३० वर्षं जगणाऱ्या जुन्या काळच्या मानवी शहरात २०,००० लोकांमागे दरवर्षी साडेसहाशेच्या वर जन्म लागतात. थारवेनमध्ये प्रत्येक जण पुरती ७०० वर्षं जगला, तर वर्षाला फक्त २८-२९.

पण प्रत्येक जण ७०० वर्षं जगेल का? म्हातारपणाने नाही तरी अपघाताने माणूस मरतोच. समजा, दरवर्षी २०० जणांमागे एक जण अपघाताने जातो: बर्फावरून घसरतो, नदीत पडतो, झाड अंगावर कोसळतं. असं असेल तर ७०० वर्षांपर्यंत १०० पैकी जेमतेम तीन जण पोहोचतील. हेच प्रमाण हजारात एक इतकं खाली आणलं, तरच निम्मे पोहोचतात, आणि तेव्हा सरासरी आयुष्य पाचशेच्या आसपास येतं. म्हणजे एल्फांचं दीर्घायुष्य नुसत्या रक्तातून आलेलं नसणार, सवयीतूनही आलेलं असणार. चढावर दोर बांधलेला, पायऱ्यांवर रोज वाळू टाकलेली, एकट्याने गोठलेल्या नदीवर पाऊल न टाकणारा असा हा समाज. बाहेरच्यांना ते गर्विष्ठ आणि संथ वाटतात. ते फक्त घसरून पडायला घाबरतात. एल्फांच्या त्या नेहमीच्या डौलदार चालीला असं कारण मिळालं की ती मला पटायला लागते.

हजारात एक धरलं, तर थारवेनमध्ये वर्षाला साधारण ४० मुलं जन्मतात. बालपण २० वर्षांचं मानलं, तर अख्ख्या शहरात मिळून ८०० मुलं. प्रत्येक मूल सगळ्यांना नावानिशी माहीत.

आता युद्ध आणा. एका लढाईत ६०० एल्फ पडले, म्हणजे १५ वर्षांचे जन्म एका दुपारी गेले. प्राचीन ग्रीसमधल्या स्पार्टा या नगरराज्याचं असंच झालं होतं. इसवी सनपूर्व ३७१ मध्ये ल्यूक्ट्राच्या लढाईत मैदानात असलेल्या सुमारे ७०० पूर्ण नागरिकांपैकी ४०० पडले. नागरिकांची संख्या आधीच रोडावलेली होती, त्यामुळे स्पार्टा पुन्हा कधी पूर्वीसारखी उभी राहिली नाही. एल्फ सैन्याची रांगच्या रांग कापून काढणारे लेखक पुढच्या प्रकरणात तेवढंच सैन्य पुन्हा आणतात, तेव्हा वाचक आकडा मोजत नाही, पण त्याला काहीतरी खटकतं. थारवेनसारखं शहर भाडोत्री माणसं लढायला ठेवेल, तह विकत घेईल, खिंडीत दरडी कोसळवेल. समोरासमोर लढणं हा त्यांचा अगदी शेवटचा उपाय असेल.

पायरी ३: पोट

एका माणसाला वर्षाला साधारण २५० किलो धान्य धरा. २०,००० जणांना ५,००० टन. छोट्या उन्हाळ्यात तग धरणारं धान्य म्हणजे जव. बियाणं वजा जाता हेक्टरी ५०० किलो हाती आलं आणि निम्मी जमीन दरवर्षी पडीक ठेवली, तर २०० चौरस किलोमीटर शेती लागते. गोठलेल्या मातीच्या मुलखात एवढी शेतजमीन सापडणं कठीण.

म्हणून मिश्र व्यवस्था करा. मासे आहेत: नॉर्वेच्या लोफोटेन बेटांवर कॉड मासा उघड्यावर लाकडी मांडवांवर टांगून, मीठ न लावता, नुसत्या थंड वाऱ्यावर सुकवतात, आणि तो वर्षानुवर्षं टिकतो. मीठ लागत नाही हा मुद्दा महत्त्वाचा, कारण समुद्राचं पाणी आटवून मीठ काढायचं तर सरपण जाळावं लागतं. रेनडिअर आहेत: ते हिवाळ्यात बर्फ उकरून दगडफूल खातात. दगडफूल फार सावकाश वाढतं, एकदा कुरण चरून संपलं की सावरायला दशकं लागतात. साठवणीची चिंता कमी. गोठलेल्या जमिनीत खोदलेलं तळघर म्हणजे फुकटचं शीतगृह.

आणि अशा मुलखात हिवाळ्यातला एखादा उबदार दिवस कडाक्याच्या थंडीपेक्षा घातक ठरू शकतो. बर्फावर पाऊस पडतो, रात्री तो गोठून कडक कवच होतं, आणि रेनडिअरना खालचं दगडफूल उकरता येत नाही. कळपच्या कळप उपाशी मरतात. थारवेनच्या लोकांना हिवाळ्यात पागोळी गळताना ऐकू आली की त्यांच्या पोटात गोळा येतो. परदेशी पाहुणा मात्र त्याच सकाळी ‘काय छान ऊन पडलंय’ म्हणून अंगणात येतो. असा एक प्रसंग लिहिलात की हवामानावर तीन पानं लिहायची गरज उरत नाही.

ताज्या भाजीपाल्याविना हिवाळा काढायचा, तर स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा रोग, आलाच. १५३५-३६ च्या हिवाळ्यात आज कॅनडात असलेल्या स्टाडाकोना गावाजवळ अडकलेल्या फ्रेंच दर्यावर्दी जाक कार्तिए याच्या खलाशांना तिथल्या स्थानिक लोकांनी एका सदाहरित झाडाच्या पानांचा आणि सालीचा काढा देऊन वाचवलं. तुमच्या एल्फांकडे असा काढा असणारच. तो कडू असू द्या. प्रत्येक वनस्पती-औषध सोन्यासारखं चमकलंच पाहिजे असं नाही.

पायरी ४: लाकूड

माझ्या मते अशा शहराचा प्राण इथे आहे. एल्फ झाडांवर प्रेम करतात आणि एल्फांना थंडी वाजते. झाडं तर जाळावी लागणार. बहुतेक जण या पेचाकडे काणाडोळा करतात, तुम्ही करू नका.

पाच जणांमागे एक चूल धरली तर थारवेनमध्ये ४,००० चुली. एका चुलीला वर्षाला १० घनमीटर लाकूड लागलं, तर एकूण ४०,००० घनमीटर. उत्तरेकडच्या सावकाश वाढणाऱ्या जंगलात हेक्टरी वर्षाला एक ते दोन घनमीटर लाकूड वाढतं. म्हणजे जंगल न संपवता जगायचं, तर नुसत्या सरपणासाठी २०० ते ४०० चौरस किलोमीटर रान राखावं लागेल. घरबांधणी वेगळी, रस्ते वेगळे. रस्ते का, तर चिखलाच्या थंड शहरांत रस्त्यांवरही ओंडके अंथरत. रशियातल्या नोव्हगोरोदमध्ये उत्खननात एकाच रस्त्याचे एकावर एक असे २८ थर सापडले, इसवी सन ९५३ ते १४६२ या काळातले. जुना थर कुजला-बुडाला की वर नवा. माणसांच्या कित्येक पिढ्या त्यात गेल्या, थारवेनमधल्या एका बाईने मात्र अठ्ठाविसच्या अठ्ठावीस थर पायांखाली पाहिले असते, आणि सतराव्या थराचं लाकूड कुणी निकृष्ट दिलं हेही तिच्या लक्षात असतं.

सरपण कमी करायचे मार्ग आहेत. पंचवीस जणांमागे एक मोठी भट्टी, तिच्याभोवती झोपायच्या खोल्या, गवताच्या ढेपांच्या जाड भिंती, दोन दारांचा बोळ. म्हणजे एकेकट्याच्या मनोऱ्याऐवजी सामायिक घरं. एल्फांच्या एकांतप्रियतेचं काय होतं ते बघा: तीनशे वर्षं ज्याच्याशी अबोला आहे, त्याच्याच भट्टीला पाठ लावून झोपायचं!

पीट, म्हणजे दलदलीत साचलेला कुजका पालापाचोळा, वाळवून जाळता येतो. पण पीट वर्षाला सुमारे एक मिलिमीटर साचतो. एका एल्फाच्या आयुष्यात ७० सेंटिमीटर. मानवी शहर पीट संपवून टाकतं कारण संपल्याचं बघायला तो माणूस उरत नाही. एल्फ उरतो. दलदलीत खुणेचा खांब रोवून दर दहा वर्षांनी खोली मोजणारं एक खातं थारवेनमध्ये असेल, आणि शहरातलं सर्वांत नावडतं खातं तेच असेल.

आता श्रद्धा. स्वीडनमधल्या एका स्प्रूस या सूचिपर्णी वृक्षाचं खोड काही शतकांचंच आहे, पण मुळांचं वय रेडिओकार्बन पद्धतीने सुमारे ९,५०० वर्षं निघालं. खोड मरतं, मुळातून नवं येतं. बर्च झाडही तोडल्यावर बुंध्यातून पुन्हा फुटतं. यावरून थारवेनमध्ये दोन पंथ पडले. मूळपंथ म्हणतो, झाड म्हणजे मूळ. खोड तोडणं म्हणजे केस कापणं, त्यात पाप नाही. खोडपंथ म्हणतो, ज्याच्या सावलीत आपण शंभर वर्षं बसलो ते खोडच आपलं सोबती, उद्या फुटणारा कोंब दुसराच कुणीतरी आहे. हिवाळा लांबला की ही चर्चा देवळातून कोठारात येते. कोणता पंथ बरोबर हे लेखकाने ठरवू नये.

पायरी ५: वाटा आणि व्यापार

नकाशावर रस्ता काढण्याआधी तो कोणत्या महिन्यात उघडा असतो ते लिहा. थंड मुलखात हिवाळा वाहतुकीचा हंगाम असतो. नद्या गोठतात, दलदली कडक होतात, स्लेज, म्हणजे बर्फावरच्या घसरगाड्या, सुसाट जातात. शहर खरं तुटतं ते वसंतात बर्फ फुटताना आणि शरदात नदी धड वाहती नाही, धड गोठलेली नाही तेव्हा. ‘हिवाळ्यात वाट बंद होते’ असं लिहिणार असाल तर ती डोंगरातली खिंड असली पाहिजे, नदीकाठ नव्हे.

घोड्याच्या एका स्लेजवर चारशे-पाचशे किलो माल जातो. थारवेनने पाचवा हिस्सा धान्य, म्हणजे १,००० टन, बाहेरून आणायचं ठरवलं तर २,००० ते २,५०० स्लेज लागतात. ही वाट कुणाच्या तरी हद्दीतून जाणार, आणि त्या कुणाच्या तरी हातात शहराचा गळा जाणार. नोव्हगोरोदचं हेच दुखणं होतं. केसाळ कातडी आणि मेण हान्सा संघाच्या जर्मन व्यापाऱ्यांना विकून ते गबर झालं, पण धान्य बऱ्याच वेळा दक्षिणेकडून यायचं. १२१५ मध्ये यारोस्लाव राजपुत्राने वाटेवरचं तोरझोक गाव धरून धान्य अडवलं आणि शहरात दुष्काळ पडला.

थारवेन बदल्यात विकणार काय? जादूच्या तलवारी म्हणाल तर ठीक, पण त्या सगळ्यांकडे असतात. हलकं, महाग आणि दुसऱ्याला न जमणारं काहीतरी शोधा. माझं उत्तर: साक्ष. माणसांचे राजे जमिनीचे करार, सीमा, वारसाहक्क यांची नोंद थारवेनमध्ये करतात, कारण कागद खोटा करता येतो, पण करार झाला तेव्हा समोर उभा असलेला साक्षीदार ३०० वर्षांनंतरही जिवंत असतो. त्यासाठी दरसाल धान्य ठरलेलं. सगळं छान चालतं, जोवर एखाद्या राजाला आपल्या पणजोबाचा करार नकोसा होत नाही. तो शहरावर चालून येणार नाही. त्याला फक्त एका म्हाताऱ्या एल्फाचा पाय पायरीवरून घसरायला हवा असतो.

पायरी ६: सत्ता कुणाकडे

एल्फ म्हणजे राणी किंवा राजा, ही सवय एकदा तपासून बघा. नगरराज्य म्हटल्यावर जास्त मजेदार पर्याय आहेत. नोव्हगोरोदने ११३६ मध्ये आपल्या राजपुत्राला हाकललं आणि त्यानंतर राजपुत्र हा जवळजवळ करारावर नेमलेला सेनापती झाला. नागरिकांची सभा घंटा वाजवून भरायची. १४७८ मध्ये मॉस्कोच्या इव्हान तिसऱ्याने शहर घेतलं तेव्हा ती घंटाही उतरवून नेली. व्हेनिसने १२६८ पासून आपला प्रमुख निवडताना मतदान आणि चिठ्ठ्या आळीपाळीने वापरणारी इतकी गुंतागुंतीची पद्धत ठेवली की कुणा एका घराण्याला ती आधीपासून फिरवता येऊ नये.

दीर्घायुषी लोकांना अशा पद्धतींची आपल्यापेक्षा जास्त गरज आहे. पद तहहयात ठेवलं तर दोनशे वर्षांच्या ‘तरुणाला’ आणखी पाचशे वर्षं थांबावं लागेल. म्हणून मुदती हव्यात, चिठ्ठ्या हव्यात, किंवा तरुणांनी शहर सोडून जायची वाट हवी. वसाहती अशाच होतात.

व्याजाचं बघा. दोन टक्के चक्रवाढ म्हणजे ३५ वर्षांत रक्कम दुप्पट. ३५० वर्षांत हजारपट, ७०० वर्षांत दहा लाखपट. सावकार आणि कर्जदार दोघेही जिवंत असताना! थारवेनमध्ये एक तर व्याजाला बंदी असेल किंवा ठरावीक वर्षांनी सगळी कर्जं पुसून टाकणारा दिवस असेल. तो दिवस जवळ आला की कुणी कर्ज देत नाही, हे ओघाने आलंच.

पायरी ७: जादू

थोडक्यात सांगतो. जादूने फुकटची ऊब दिलीत तर वरच्या सहाही पायऱ्या पुसल्या जातात. ऊब द्यायचीच असेल तर ती कुठून तरी काढून घ्या. थारवेनचे मंत्रज्ञ कोठार उबदार ठेवू शकतात, पण ती ऊब जवळच्या तळ्यातून येते. जास्त ओढली की तळं तळापर्यंत गोठतं आणि मासे मरतात.

‘माझ्या एल्फांना थंडी वाजतच नाही’ हेही चालेल. तरी त्यांच्या पोटाला, बियाण्याला आणि रेनडिअरला वाजते, तेव्हा अर्धी आकडेमोड राहतेच.

पायरी ८: रोजचं जगणं

इथे तपशील थोडे आणि नेमके घ्या. वाऱ्याविना पडलेल्या कडाक्यात दरीतली हवा हलत नाही, थंड हवेचा थर तळाशी बसतो आणि धूर त्याच्यासोबत घरांवर तरंगत राहतो. दरीत वसलेल्या एल्फ शहराचे मनोरे काजळीने काळे असतील, आणि त्यांना धूर, माशाचं तेल आणि ओल्या लोकरीचा वास येईल. १०० चौरस मीटरच्या छपरावर मीटरभर दबलेलं बर्फ साठलं तर ते २० ते ३० टन भरतं, तेव्हा छपरं उतरती आणि तुळया जाड. कपड्यांत घामाची भीती थंडीइतकीच. घामाने अंगातला कपडा भिजला आणि माणूस थांबला की तो गारठतो, म्हणून बर्फातला जाणता माणूस पळत नाही. तुमच्या पाठलागाच्या प्रसंगाला यातून किती छान अडथळा मिळतो!

सण-विधी शोधताना एल्फांच्या मूळ घरात डोकवा. एल्फ आले उत्तर युरोपातूनच. नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियन, परंपरेत त्यांचा प्रदेश, आल्फहाइम, हा फ्रेय देवाला पहिला दात आला तेव्हा भेट मिळालेला. स्वीडनमध्ये शरदात एल्फांसाठी घरोघरी बळी द्यायचा विधी असे. अकराव्या शतकाच्या सुरुवातीला तिथून जाणाऱ्या सिग्वात नावाच्या एका आइसलँडच्या कवीला या विधीमुळे घरामागून घर दारातूनच परत पाठवत गेलं, आणि त्याने त्यावर वैतागून कविता रचली. मी हे थेट उचललं. थारवेनमध्ये शरदात तीन दिवस सगळी दारं परक्यांना बंद. पाहुण्यांना सांगतात की पूर्वजांचा विधी आहे. विधी असतोच, पण त्याच तीन दिवसांत कोठारातलं धान्य मोजलं जातं, आणि तो आकडा बाहेर जाऊ द्यायचा नसतो.

एक छोटी गोष्ट. नोव्हगोरोदच्या मातीत बर्च सालीवर कोरलेली हजारावर पत्रं आणि टिपणं सापडली, पहिलं १९५१ मध्ये. त्यांत तेराव्या शतकातल्या ऑनफिम नावाच्या सहा-सात वर्षांच्या मुलाचा अभ्यास आहे. अक्षरं गिरवता गिरवता त्याने मध्येच घोड्यावर बसून शत्रूला भाला मारणारा स्वतःच काढलाय. थारवेनमध्ये शहरातल्या ८०० मुलांच्या अशा साली कुणीही फेकत नाही. सभागृहातल्या गंभीर वृद्धाचं तसलं चित्र विरोधकांनी पाचशे वर्षांनी भर सभेत काढून दाखवावं, यासारखं राजकारण दुसऱ्या कुठल्या लोकांत शक्य नाही.

पायरी ९: गोष्ट कुठल्या दिवशी सुरू करायची

शहर पूर्ण होण्याची वाट पाहू नका. पंचांग समोर घ्या आणि ज्या आठवड्यात काहीतरी बंद होणार आहे किंवा संपणार आहे तो शोधा. शरदातली धान्यमोजणी, कर्जमाफीच्या आदला महिना, पहिली अवेळी पागोळी, नदी फुटण्याआधीचे दिवस.

मी नदी घेईन. धान्याच्या शेवटच्या ६० स्लेज पलीकडच्या तीरावर उभ्या आहेत. घट्ट, नितळ बर्फ १० सेंटिमीटर जाड असला तर माणूस चालू शकतो. घोडा आणि भरलेली स्लेज न्यायची तर २०-२५ सेंटिमीटर तरी हवं. आणि वसंतातलं बर्फ तेवढ्याच जाडीला बरंच कमकुवत असतं. मोजायला गेलेला खोडपंथाचा आहे आणि तो २२ सांगतो. कोठाराची प्रमुख मूळपंथाची आहे; तिला ठाऊक आहे की धान्य आलं नाही तर रेनडिअर कापावे लागतील, आणि पूल बांधायचा तर ज्या झाडांसाठी तो माणूस ९० वर्षं भांडतोय तीच तोडावी लागतील. तिचा त्याच्या आकड्यावर विश्वास नाही. एका स्लेजमध्ये धान्याऐवजी एका राजाने पाठवलेला माणूस आहे, हे दोघांनाही माहीत नाही.

हा प्रसंग लिहायला तुम्हाला शहराची वंशावळ, भाषा, दहा देवांची नावं किंवा उत्तरेकडचा नकाशा लागत नाही. बर्फाची जाडी, कोठारातला आकडा आणि त्या दोघांचं जुनं वैर एवढं लागतं. बाकीचे रकाने रिकामे सोडा, आणि प्रसंग पुढे सरकताना ज्याची गरज पडेल तेवढंच त्या दिवशी भरा.